मुक्तस्रोत कार्यप्रणाली आणि अनेक प्रोसेसर : काही गैरसमज

(तंजावर येथे भरलेल्या अभ्यासवर्गात मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांपुढे एका रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण.)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे संगणकाचा विषय पाहून काहींना हसू आले असेल. मी शिकलो मॅट्रिकपर्यंत. रेल्वेत लागलो तो पॉइंट्समन म्हणून. संगणकाचा मी जाणकार नाही, हे आधीच कबूल करतो. पण या विषयात माझी एक मोठी चूक झाली आणि ती सभासदांच्या पैशाला भोवता भोवता वाचली. चूक करणाऱ्यानेच ती सांगावी, म्हणून उभा आहे.

आज सकाळी आपण सर्वजण बृहदीश्वराच्या देवळात गेलो होतो. तिथल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा, सरफोजी राजांच्या काळातला. मराठी मुलुखापासून इतक्या दूर, तमिळ देशात, आपली अक्षरे भिंतीवर उघडी आहेत. ज्याला वाचता येते तो वाचतो, चूक वाटली तर बोट ठेवतो. ही भिंत ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

आता माझी चूक. आमच्या कामगारांची एक पतपेढी आहे. तिच्या कचेरीतल्या मुख्य संगणकावर लिनक्स नावाची कार्यप्रणाली आहे. कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. संगणकाच्या यंत्राला आणि त्यावरच्या कामांना चालवणारा कंट्रोलर म्हणा. लिनक्स ही मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. यंत्र चार प्रोसेसरचे. पण मार्चअखेर व्याजाचा हिशेब लावला की सहा तास लागायचे. त्या दिवशी कर्ज मागायला आलेला सभासद दारातून परत जायचा आणि बोल ऐकायची खिडकीवरची आमची भगिनी.

माल पुरवणारा एक गृहस्थ म्हणाला, “साहेब, ही फुकटची सिस्टीम. हिला एकच प्रोसेसर कळतो, बाकीचे तीन झोपून असतात. पैसे भरून लायसनची सिस्टीम घ्या, यंत्रही नवे घ्या.” आकडा सांगितला सव्वा लाखाच्या घरात. मला पटले. इतकेच नव्हे, वार्षिक सभेत मीच उठून सांगितले की फुकटचे ते फुकटचेच, आणि खर्चाचा ठराव मांडला. चेकवर माझी सही व्हायची तेवढी राहिली होती.

सभा संपल्यावर सिग्नल खात्यातला एक तरुण सभासद आला. “काका, सही करण्याआधी एकदा बघू या का?” त्याने यंत्रापुढे बसून ‘टॉप’ एवढाच हुकूम दिला आणि मग एकचे बटण दाबले. पडद्यावर चार ओळी उमटल्या, एकेका प्रोसेसरची एकेक. व्याजाचे काम चालूच होते. एका ओळीत शंभर टक्के, बाकी तिन्हींत जवळजवळ शून्य.

मी म्हटले, “बघ, तो गृहस्थ खरे बोलत होता.”

तो म्हणाला, “नाही काका. सिस्टीमला चारही दिसतात, म्हणून तर चार ओळी आल्या. तिच्याकडे कामच एक आले आहे. व्याजाचा प्रोग्रॅम एक खाते संपवून मग दुसरे घेतो. चार गँगमन उभे आहेत आणि मुकादमाने फावडे एकालाच दिले आहे.”

आम्ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बोलावले. त्याने खाती चार विभागांत वाटली आणि चारही विभाग एकदम चालवले. तीच प्रणाली, तेच यंत्र, सहा तासांचे काम पावणेदोन तासांत उरकले. सव्वा लाख वाचले. पुढच्या सभेत मी उभा राहून माझे शब्द मागे घेतले. सोपे नव्हते, पण घेतले.

साथींनो, तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. विचारत गेलो, समजेल तेवढे वाचत गेलो. त्यातून जे गैरसमज मला दिसले ते एकेक करून मांडतो.

पहिला गैरसमज : मुक्त म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे हलके. मुक्तस्रोतात मुक्ती आहे ती वाचण्याची, बदलण्याची, वाटण्याची. पैसे लागतच नाहीत असे नाही. रेड हॅटसारख्या कंपन्या लिनक्सच्या देखभालीचे रीतसर पैसे घेतात. प्रशिक्षणाला पैसे लागतात. फरक एवढाच की तुम्ही कष्टाचे आणि सेवेचे पैसे देता, कुलपाचे देत नाही.

दुसरा गैरसमज, आजचा मुख्य : मुक्तस्रोत प्रणालीला अनेक प्रोसेसर चालवता येत नाहीत. यात गंमत अशी की ही गोष्ट एके काळी खरी होती. खोटी गोष्ट लवकर मरते. जुनी झालेली खरी गोष्ट मात्र फार दिवस फिरत राहते.

लिनक्स सुरू केले लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने, १९९१ साली. त्याने तेव्हा स्वतःच जाहीर केले होते की हा आपला छंद आहे, मोठे काही होणार नाही. यंत्र त्याचे साधे, प्रोसेसर एक. तेव्हा अनेक प्रोसेसरचा प्रश्नच नव्हता. १९९६ च्या जूनमध्ये दुसरी मोठी आवृत्ती, २.०, बाहेर आली आणि तिच्यात अनेक प्रोसेसर चालवण्याची सोय पहिल्यांदा रीतसर आली. त्या कामाचा पाया ॲलन कॉक्स या वेल्समधल्या माणसाने घातला. पण सोय कशी होती ते आपल्या भाषेत सांगतो.

एकेरी मार्गावर ज्यांनी काम केले आहे त्यांना टोकनचा गोळा माहीत आहे. यंत्रातून गोळा काढायचा, चामडी पिशवीत घालायचा, कडीसकट ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. ज्याच्या हाती गोळा त्याचीच गाडी सेक्शनमध्ये जाणार. दुसरी गाडी कितीही निकडीची असो, थांबणार. सुरक्षितता पक्की, पण गाड्या खोळंबतात.

लिनक्स २.० मध्ये हेच केले होते. कार्यप्रणालीच्या गाभ्याला एकच मोठे कुलूप. प्रोसेसर दोन असोत की चार, आपापली साधी आकडेमोड ते एकाच वेळी करू शकत. पण फाइल उघडायची आहे, तारेवरून मजकूर पाठवायचा आहे, म्हणजे गाभ्यात शिरायचे आहे, तर गोळा एकच. एक आत, बाकीचे दारात. दोन प्रोसेसर असले तर चालून जाई. चार झाले की रांग लागे.

मग काय केले? जे आपण रेल्वेत करतो तेच. लांब सेक्शनचे लहान ब्लॉक सेक्शन पाडले. १९९९ च्या २.२ आवृत्तीत एका मोठ्या कुलपाच्या जागी अनेक ठिकाणी छोटी कुलपे आली. २००१ च्या २.४ मध्ये आणखी. २००३ च्या डिसेंबरमधल्या २.६ मध्ये कोणत्या प्रोसेसरला कोणते काम द्यायचे ही वाटणीच नव्याने बांधलेली होती. आणि ते शेवटचे मोठे कुलूप गाभ्यातून पुरते निघाले २०११ साली. पंधरा वर्षे लागली. एका रात्रीत झालेले नाही. चालत्या गाड्यांखालून रूळ बदलण्यासारखे ते काम होते, आणि ते उघड्यावर, सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत झाले. फ्रीबीएसडी नावाची दुसरी मुक्तस्रोत प्रणाली आहे. तिनेही १९९८ साली असेच एक मोठे कुलूप घालून सुरुवात केली आणि २००३ नंतर ते फोडत नेले.

कोणी म्हणेल, बंद प्रणाल्यांना असे दिवस आले नाहीत. आले होते. आपले संगणकीय आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. ते उभे राहिले डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स संगणकांवर, व्हीएमएस या कंपनीच्या मालकीच्या कार्यप्रणालीवर. उत्तम प्रणाली, आपल्या बंधूंनी तिच्यावर डोंगराएवढे काम केले. पण व्हीएमएस बाजारात आली १९७८ च्या सुमारास आणि सर्व प्रोसेसरना समान हक्काने चालवण्याची सोय तिच्यात आली १९८८ साली, पाचव्या आवृत्तीत. दहा वर्षांनी. दुसरे उदाहरण. मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी १९९३ पासून अनेक प्रोसेसर चालवत होती, हे मान्य करावे लागेल. पण त्याच कंपनीची, कचेऱ्या-कचेऱ्यांतून दिसणारी विंडोज ९५ आणि ९८? तिला दुसरा प्रोसेसर बसवलात तरी ती एकच वापरी. पैसे भरूनसुद्धा. तेव्हा बंद की उघडी, हा प्रश्न वेगळा. किती प्रोसेसर, हा वेगळा. त्यांची गाठ मारणे हाच गैरसमज.

आता एक प्रकरण सांगतो, कारण त्यात आपल्यासारख्या चळवळीतल्या माणसांना शिकण्यासारखे आहे. १९९९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या माइंडक्राफ्ट नावाच्या संस्थेने तुलना प्रसिद्ध केली. चार प्रोसेसरचे यंत्र, एकदा एनटी, एकदा लिनक्स. निकाल असा की फाइली पुरवण्यात एनटी अडीच पट वेगवान, वेबची पाने पुरवण्यात ३.७ पट. मग कळले की चाचणीचे पैसे मायक्रोसॉफ्टने दिले होते. लिनक्सवाल्यांत संतापाची लाट उसळली. चाचणी विकत घेतली, यंत्र नीट लावले नाही, असा गिल्ला झाला. त्यात तथ्यही होते. पण पुन्हा चाचणी झाली, लिनक्सची माणसे समोर बसवून, आणि अंतर कमी झाले तरी जिंकली एनटीच.

इथे दोन वाटा होत्या. एक, घोषणा देत राहायचे. दुसरी, शत्रूने दाखवली असली तरी उणीव ती उणीव, असे मानून कामाला लागायचे. त्या मंडळींनी दुसरी धरली. गाभ्यातल्या जाळ्याच्या भागात एकाच गोळ्याची रांग लागते आहे हे शोधून काढले आणि २.४ आवृत्ती येईतो तो भाग मोकळा केला. आपल्या युनियनमध्येही असे प्रसंग येतात. मालकाने काढलेली चूक मालकाने काढली म्हणून खोटी ठरत नाही. आणि ती दुरुस्त झाल्यावर वीस-पंचवीस वर्षे तीच उगाळणारा प्रामाणिक ठरत नाही.

आज परिस्थिती काय? हात खिशात घाला. तुमच्यापैकी बहुतेकांकडे अँड्रॉइडचा फोन आहे. पोस्टमन बंधूंच्या हाती तर कामासाठीच आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच. त्या फोनमध्ये बहुधा आठ प्रोसेसर आहेत, काही दणकट, काही बॅटरी वाचवणारे हलके, आणि कोणते काम कोणाला द्यायचे ते तो गाभा क्षणोक्षणी ठरवतो. म्हणजे जो माणूस फोनवर टाइप करून सांगतो की लिनक्सला एकच प्रोसेसर चालवता येतो, त्याचे बोट खोडून काढत असते.

तिसरा गैरसमज उलट्या बाजूचा, आपल्या उत्साही मित्रांचा. ते सांगतात की जगातले पहिले पाचशे महासंगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात, तेव्हा लाखो प्रोसेसर ही प्रणाली सहज हाकते. पहिला भाग खरा, दुसरा सावधपणे घ्यावा. भोर घाटात एकाच गाडीला मागून बँकर इंजिने लावतात. ओझे एक, इंजिने अनेक. एका यंत्रात अनेक प्रोसेसर म्हणजे हे. आणि कंट्रोल ऑफिसच्या हुकमाने शंभर गाड्या शंभर ठिकाणी धावतात, प्रत्येक गाडीचे इंजिन वेगळे, ड्रायव्हर वेगळा. महासंगणक बहुतेक या दुसऱ्या जातीचे. त्यात हजारो यंत्रे असतात आणि प्रत्येकावर लिनक्सची आपली वेगळी प्रत. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला तोही अनेक प्रोसेसरना एकमेकांशी जोडून. अलीकडचे परम लिनक्सवरच चालतात. तेव्हा महासंगणकाचा दाखला देऊन बँकरचा प्रश्न सुटत नाही. बँकरचा दाखला हवा तर तो वेगळा आहे : अमेरिकेच्या नासाने २००४ साली कोलंबिया नावाचा संगणक उभारला, त्यात वीस यंत्रे, प्रत्येकात ५१२ प्रोसेसर, आणि त्या ५१२ वर लिनक्सची एकच प्रत. हा पुरावा चोख आहे. खऱ्या बाजूनेही पुरावा चुकीचा देऊ नये. समोरचा तोच पकडतो.

चौथा गैरसमज : प्रोसेसर वाढवले की तेवढ्या पटीने काम वाढते. आमच्या पतपेढीचाच हिशेब घ्या. एकूण काम ३६० मिनिटांचे. त्यातली शेवटची २० मिनिटे एकूण गोळाबेरीज जुळवण्याची, ती एकानेच करायची. उरलेली ३४० चौघांत वाटली, प्रत्येकी ८५. अधिक २०. झाली १०५ मिनिटे, म्हणजे पावणेदोन तास. चार प्रोसेसर, पण वेग साडेतीन पटीलाही पोचला नाही. आठ लावले तर तासाभरापेक्षा थोडे जास्त. शंभर लावा, हजार लावा, वीस मिनिटांच्या खाली जाणे नाही. जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच हे सांगून ठेवले आहे. चार खिडक्या उघडल्या आणि रोकड जुळवायला माणूस एकच ठेवला, तर काय होते ते बुकिंगवाल्यांना आणि बचत बँकेच्या काउंटरवाल्यांना मी सांगायला नको. कार्यप्रणाली कोणतीही असो, हा नियम सुटत नाही. म्हणून ‘नवे यंत्र घ्या’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, एकट्याने करायचे काम यात किती?

साथींनो, हा सगळा खटाटोप कशासाठी? खिडकी थांबली की रांगेतला माणूस पडद्यामागच्या प्रोसेसरला बोलत नाही, पडद्यापुढच्या माणसाला बोलतो. दिवसाची कामे कमी भरली तर जाब त्यालाच विचारला जातो. दोष कुठे आहे हे दाखवता आले नाही तर तो आपल्याच अंगावर येतो. दाखवता आला तर बोलणे बदलते. १९८० च्या दशकात संगणक आले तेव्हा आपण नोकऱ्यांच्या काळजीने विरोध केला. ती काळजी खोटी नव्हती. पण यंत्र आल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो, ते चुकले.

आता त्या भिंतीकडे परत येतो. उघडी अक्षरे म्हणजे मुक्तस्रोत. पण या तंजावरातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे मराठी राजवटीच्या मोडी कागदपत्रांचे गठ्ठे आहेत. भाषा आपली मराठी, कागद जपून ठेवलेले. पण आपल्यापैकी किती जणांना त्यातली एक ओळ वाचता येईल? मी हात वर करू शकत नाही. मोडी वाचणारे थोडे उरले, म्हणून उघडे असूनही ते दप्तर आपल्याला बंदच. मुक्तस्रोताचेही तसेच आहे. मजकूर उघडा आहे, पण खात्यात तो वाचणारा माणूस नसेल तर ती उघडी प्रणालीही आपल्यापुरती कुलूपबंदच. आमच्या पतपेढीत सव्वा लाख वाचले ते प्रणाली उघडी होती एवढ्याने नव्हे. सिग्नल खात्यातल्या त्या पोराला बघता येत होते, म्हणून वाचले.

माणसे तयार होऊ शकतात. याच राज्यात सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ साली बॉस नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली काढली. तिच्यात मराठीही आहे, तमिळही. २०११ पासून तमिळनाडू सरकारने शाळा-कॉलेजच्या मुलांना लॅपटॉप वाटले, त्यांत विंडोजबरोबर बॉसही होती. केंद्र सरकारनेही २०१५ साली धोरण जाहीर केले की सरकारी कामात मुक्तस्रोताला प्राधान्य द्यावे आणि ते न घेतल्यास कारण द्यावे. कागद आपल्या बाजूचा आहे.

तेव्हा शाखांना माझे सांगणे एवढेच. कोणी म्हणाला की अमुक प्रणाली मोठ्या कामाला चालत नाही, तर चार प्रश्न विचारा. ही गोष्ट कोणत्या सालची, कोणत्या आवृत्तीची? कोणी मोजले आणि मोजण्याचे पैसे कोणी दिले? काम चालू असताना सगळे प्रोसेसर कामात आहेत का, ते पडद्यावर दाखवा. आणि दोष प्रणालीचा की तिच्यावरच्या प्रोग्रॅमचा? मुक्तस्रोताची बाजू घेणाऱ्यालाही हेच चार प्रश्न. कोणालाच सूट नाही.

व्यवस्थापनापुढे मागण्या दोन ठेवा. संगणक मंद झाला किंवा थांबला त्या वेळेची नोंद रोजच्या वहीत व्हावी आणि ती वेळ कामगाराच्या खात्यावर मांडू नये. आणि प्रत्येक मोठ्या कचेरीत निदान दोन कामगारांना कार्यप्रणालीचे रीतसर प्रशिक्षण मिळावे, कामाच्या वेळेत, पगारी. नुसते बटण दाबण्याचे नव्हे, आत बघण्याचे.

आणि घरी गेल्यावर आपल्या शाखेतला तो एक पोरगा किंवा पोरगी शोधा, जी म्हणेल, “काका, सही करण्याआधी एकदा बघू या का?” तिला बोलू द्या. माझ्यासारखी आधी सभेत घोषणा करून मग ऐकू नका.

 कामगार एकजुटीचा विजय असो!